गळ्यात बुडबुडा असलेली बरणी

भंगारबाजारात आमच्या मामाचं नाव 'नाक' पडलं होतं. काचेची वीस लिटरची जुनी बरणी दिसली की किंमत न विचारता तो आधी आत नाक खुपसायचा. ॲसिडचा वास आला की बरणी खाली. मग टिचकी, कारण तडा गेलेली काच बद्द वाजते. घरी द्राक्षाची वाइन करणाऱ्याला एवढी चिकित्सा हवीच, असं दुकानदार समजत. खरं तर दोन वर्षांत मामाने घरात एक द्राक्ष आणलं नव्हतं.

तो मामीची बरणी शोधत होता. मामी गेली त्याच आठवड्यात त्याने सगळ्या बरण्या भंगारात घातल्या होत्या. वाइन आंबताना बरणीच्या तोंडावर पाणी भरलेली वाकडी नळी बसवतात, त्यातून आतला वायू गुडुक गुडुक बाहेर पडतो. आवाज थांबला की वाइन झाली. तीस वर्षं मामाचे कान त्याला सरावलेले. मामीच्या आजारपणात उशाशी ऑक्सिजन होता, त्याच्या बाटलीतलं पाणीही तसंच गुडगुडायचं. एका दुपारी सिलिंडर संपला आणि आवाज थांबला. शेजारी डुलकी घेणारा मामा झोपेतच "झाली एकदाची" म्हणाला आणि कुशीवर वळला. दुसरा सिलिंडर हाताशी भरलेला होता.

तो आवाज थांबताना त्याला एकदा तरी वेळेवर जागं व्हायचं होतं. समजूत काढून मी थकले होते, चिडायचेही. तरी सोबत जायचे.

मामीच्या बरणीच्या गळ्यात, काचेतच, मसुराएवढा बुडबुडा अडकलेला होता. एक दिवस तीच बरणी भंगारवाल्याने पुढे केली.

"सरबतवाल्याने नेली होती, काका. आवाज करते म्हणून परत दिली."

"भरलेली असताना?" मी विचारलं.

"रिकामी असताना."

मामाने नाक आत घातलं ते बराच वेळ बाहेर काढलं नाही. टिचकी मारलीच नाही.

घरी त्याने रिकामी बरणी खिडकीत ठेवून नळी बसवली. थोड्या वेळाने गुडुक.

"उन्हाने आतली हवा फुगते, मामा. तूच शिकवलंयस."

"हो ना," तो म्हणाला.

ऊन सरकलं, काच गार पडली. आता हवा आकसून पाणी उलट आत ओढलं जायला हवं होतं. गुडुक चालूच राहिलं, संथ, श्वासाच्या लयीत.

"जरा पडतो," मामा म्हणाला. "थांबलं तर उठव."

तो घोरायला लागला आणि आवाज थांबला. मी हाक मारायच्या आत तो उठून आतल्या खोलीत धावला होता. मामीच्या रिकाम्या पलंगाशी वाकून, सिलिंडर असायचा तिथे, त्याने हवेतच चावी फिरवली.

बाहेर बरणी पुन्हा गुडगुडू लागली.

मामा पलंगाच्या कडेवर टेकला. उशीवर हात ठेवून म्हणाला, "आलो बघ. झोप तू."