भैरवीनंतर गात नाहीत

नोकरी सोडून गायला निघाले तेव्हा माझ्या डोक्यात हवा गेली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. तीन आठवडे, अकरा गावं. गाडी मी चालवणार, पेटी मी वाजवणार, गाणारही मीच. तबलजी नाही, मॅनेजर नाही. व्हाइटफील्डच्या ऑफिसातल्या मंडळींना हे सांगताना माझी मान जरा जास्तच ताठ व्हायची.

पहिली बैठक मल्लेश्वरममध्ये, सकाळी दहाला. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेल्या मराठी माणसांचं घर. घरातले काका निवृत्त शिक्षक. त्यांनी हॉलमधले सोफे शेजाऱ्यांकडे हलवून सतरंज्या अंथरल्या होत्या. पंचवीसेक श्रोते होते, आणि दोन तास गायचं ठरलं होतं. पण त्याच संध्याकाळी दावणगेरेला दुसरा कार्यक्रम होता आणि मला समोरच्या माणसांपेक्षा तुमकूर रस्त्यावरचा ट्रॅफिक जास्त दिसत होता. फोनवर तानपुरा लावलेला होता. गाता गाता त्याच फोनवर मी दोनदा नकाशा उघडून पाहिला. लोकांना वाटलं असेल, शब्द बघतेय.

सव्वा तासानं मी भैरवी धरली. मैफल भैरवीनं संपवायची आणि तिच्यानंतर काही गायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे भैरवी सुरू झाली की श्रोता मनातल्या मनात चपला शोधू लागतो, तक्रार करत नाही. म्हणूनच तर मी ती धरली. पाऊण तास मी खाल्ला, पण टाळ्या पूर्ण मिळाल्या.

पेटीचा भाता बंद करत होते, तेवढ्यात दारातून एक बाई आल्या. सत्तरी उलटलेल्या, घामाघूम. काकांची थोरली बहीण. देवनहळ्ळीहून दोन बस बदलून आल्या होत्या. पिशवीत माझ्यासाठी पपनस होतं.

"अक्का सातला निघालीय घरनं," काका म्हणाले. "हेब्बाळच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकली. ताई, एकच म्हणा की. स्वल्प."

दहा मिनिटांचा प्रश्न होता. मी चेहरा गंभीर केला.

"काका, भैरवी झाली हो. भैरवीनंतर आमच्यात गात नाहीत."

धडधडीत ढोंग. याआधी तीनदा तरी मी भैरवीनंतर गायले होते. पुढे कुणी बडी असामी बसलेली असली आणि तिनं फर्माईश केली, की ही रीत मला आठवत नसे.

अक्कांनी लगेच दोन्ही हात हलवले. "सरी, सरी, बरोबर आहे. नियम आहे तो. माझंच चुकलं, मी उशिरा आले." मग भावावर डाफरल्या, "तू कशाला मोडायला सांगतोस त्यांना?" पपनस माझ्या हातात दिलं आणि वाटेत खा म्हणाल्या.

काका गाडीपर्यंत सोडायला आले. पेटी मागच्या सीटवर ठेवताना सहज बोलून गेले, "तुम्हाला बोलवायचं अक्कानंच काढलं. फोनवर तुमचं ते पद रोज सकाळी ऐकते. समोर बसून ऐकायचं म्हणत होती."

तेव्हा तरी परत वर जाता आलं असतं. पण गेले असते तर मघाच्या नियमाचं काय झालं, तेही सांगावं लागलं असतं. माझं खोटं उघडं पडण्यापेक्षा ती बाई न ऐकता राहिलेली मला चालली. लाज मला तिथंच, काकांसमोर वाटली. खूप वाटली. तरी मी गाडी सुरू केली.

दावणगेरेला दोन तास आधी पोहोचले. रस्ता मोकळाच होता. हॉलचं कुलूपसुद्धा अजून कुणी उघडलं नव्हतं. गाडीत नुसती बसले होते, तेव्हा नीट पोहोचलात का विचारायला काकांचा फोन आला.

"अक्का दुपारपासून घरात सगळ्यांना सांगतेय," ते कौतुकानं म्हणाले. "एवढ्या तरुण वयात केवढी शिस्त बघा, म्हणते. म्हातारीची भीड पडली नाही पोरीला, गाणं असं सांभाळावं लागतं. पुढच्या वर्षी मी आदल्या दिवशीच येऊन राहते, म्हणाली."

मी "थँक यू काका" म्हणाले.

पुढच्या वर्षी खरोखरच बोलावणं आलं. तारखा जमत नाहीत, असं मी कळवलं. तो सगळा महिना मला एकही कार्यक्रम नव्हता.