चालत्या स्क्रिप्टवर पाळत

काचीगुड्यातल्या एका छोट्या ऑफिसात माझी पहिली नोकरी होती, तीही कच्ची. एका कोचिंग क्लासच्या परीक्षेची हॉलतिकिटं आमच्या साइटवरून निघत. तेलुगू मंडळी घराण्याचं नाव आधी लावतात, आपण आडनाव शेवटी. क्लासला सगळ्यांचंच आडनाव आधी हवं होतं. मी मराठी, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. मराठी नावांतला शेवटचा शब्द उचलून पुढे ठेवणारं फंक्शन मी लिहिलं आणि स्वतःचीच पाठ थोपटली.

तिकिटं निघाली, तर मराठी पोरांच्या नावांत वडील पहिले, आडनाव मधे आणि पोरगं शेवटी! म्हणजे परीक्षेला बापच बसणार. परीक्षा दुसऱ्या दिवशी, फोनवर फोन. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हारे लोगां के नामां तुमकोच नै आते? शाम तक नै हुआ तो कल से आना नक्को." माझं डोकं फिरलं. फंक्शन पुन्हा पुन्हा तपासलं, चूक काही सापडेना.

शेजारी आमची सीनियर बसायची. तिला मी अक्का म्हणायचे. ती म्हणाली, "कोड को घूरना छोड़. चलते में देख, कौन किसको बुलारा." पोरं तिकिटं काढत होती, साइट बंद करायची सोय नव्हती. तिने प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी एक ओळ टाकली: आत शिरताच आपलं नाव आणि कोणी बोलावलं ते लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये लिहायचं. मग आम्ही दोघी पाळत ठेवून बसलो.

माझं फंक्शन आलं, फॉर्मच्या फाइलने बोलावलेलं. बरोबर. थोड्या ओळींनी त्याच नावासाठी ते पुन्हा आलं, या वेळी छपाईच्या फाइलने बोलावलेलं! पुढे आणलेलं आडनाव दुसऱ्या फेरीत मधे ढकललं जात होतं.

छपाईची फाइल अक्काची होती. माझं फंक्शन बोलावणारी ओळ तिथे तिनेच घातली होती आणि विसरून गेली होती. गुपचूप खोडली असती तर कोणाला पत्ता लागला नसता, आणि मी तर तोंड उघडलंच नसतं. त्याच महिन्यात तिला टीमची प्रमुख करायचं घाटत होतं. तिने ओळ काढली, एक तिकीट नीट निघालेलं पाहिलं आणि उठून मालकांना म्हणाली, "सर, गलती मेरी थी. इसका कोड सही है."

माझी नोकरी पक्की झाली. प्रमुखाची जागा बाहेरच्या माणसाला गेली. ते कळलं तेव्हा मला ऑफिसातच रडू कोसळलं. तिचे उपकार मी आजही विसरलेले नाही.

अक्का मात्र वैतागली. म्हणाली, "तू कायकू रोरी? बच्चे एग्जाम को बैठे ना?"