तोंडानं खावं एवढंच

नाकातली नळी काढली तेव्हा मुलीच्या गालावर चिकटपट्टीचा चट्टा राहिला होता. तो मी ओल्या फडक्यानं पुसून काढला. दीड महिन्यानं तिचं तोंड मोकळं दिसलं. सिस्टरनी सांगितलं होतं, तोंडानं पोटभर जेवायला लागली तरच नळी बाहेर राहील, नाहीतर परत घालावी लागेल. ती बोलेल, चालेल, शाळेत जाईल, हे मागणं मी तोवर सोडून दिलं होतं. तिनं तोंडानं खावं, एवढंच मागत होते.

मुलगी सात वर्षांची. कापसाच्या शेवटच्या वेचणीहून परत येताना ती ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसली होती. आमच्याकडं सगळीच लेकरं बसतात. नाल्याच्या उताराला ट्रॅक्टर उसळला आणि ती डोक्यावर पडली. रक्त फार आलं नाही. घरी आणल्यावर एक उलटी झाली आणि ती झोपली. दमली असेल म्हणून मी तिच्या अंगावर चादर घातली. तासाभरानं हलवली तर उठेना. मग जीपमध्ये घालून चारठाणा, तिथून जिंतूर, जिंतूरहून परभणी. डोक्याचं ऑपरेशन झालं. बऱ्याच दिवसांनी तिनं डोळे उघडले, पण ते डोळे माझ्यावर थांबत नव्हते. खिडकीवरून, पंख्यावरून, माझ्यावरून सारखेच फिरायचे.

त्या वॉर्डात अशीच लेकरं होती. कुणी माळवदावरून पडलेलं, कुणाला जन्मापासून झटके येणारे. प्रत्येकाच्या उशाशी एक बाई बसलेली. आम्ही एकमेकींशी फार बोलत नव्हतो. बोलायला लागलं की आधी कुणाचं लेकरू कुणापेक्षा बरं आहे, हेच निघायचं.

सिस्टर पूर्णेच्या होत्या, तोंडानं मोकळ्या. त्यांनीच मला सगळं शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचेला आणि माकडहाडाला जखम होत नाही ना ते रोज बघायचं, नळीतून पेज घालायच्या आधी सिरिंजनं ओढून नळी पोटातच आहे ना ते पाहायचं. वेळा लिहून ठेवा म्हणाल्या, म्हणून मी वही केली. चौथीनंतर पहिल्यांदा हातात पेन धरला. मला माणसांशी बोलताना लाज वाटते, लहानपणापासूनच. सिस्टर काही विचारायच्या आणि मी मान हलवायची. एकदा त्या हसून म्हणाल्या, "ताई, मान तर आमच्या घरची म्हैस बी हलवती. कळलं का न्हाई ते तोंडानं सांगा की." बाजूच्या बाया हसल्या. मीही पदराआड हसले आणि पुन्हा मानच हलवली.

नळी काढल्यावर त्यांनी भरवायचं शिकवलं. मुलीला बसतं करायचं, हनुवटी छातीकडं झुकवायची, घट्ट पेज अर्धा चमचा द्यायची आणि घोट उतरला की मगच दुसरा. जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. त्यांच्यासमोर मी भरवलं. पाऊण तासात तिनं सात चमचे घेतले. घरी सोडताना सिस्टरनी चिठ्ठीवर फोन नंबर लिहून दिला आणि म्हणाल्या, हळूहळू वाढवा, अडलं तर लाजू नका.

घरी आल्यावर अडलंच. दवाखान्यातल्या पलंगाची पाठ वर उचलता येत होती. घरी भिंत आणि गोधड्या. ती एका बाजूला कलंडायची. हनुवटी झुकवली की पेज ओठांतून परत यायची आणि झग्यावर सांडायची. एका वेळच्या वाटीला दोन तास लागायचे आणि पोटात पाव वाटीसुद्धा जात नव्हती. चौथ्या दिवशी आंघोळ घालताना तिच्या फासळ्या माझ्या हाताला मोजता आल्या. सासूबाई म्हणाल्या, लेकरू उपाशी मारशील. चिठ्ठी डब्यात होती. फोन तिच्या बापाच्या, मालकांच्या खिशात होता. एवढ्याशासाठी सिस्टरला कशाला त्रास द्यायचा, त्या म्हणतील हिला शिकवलेलंही येत नाही, असं मला वाटलं. मी फोन केला नाही.

आमच्या घरी मेंढरं आहेत, माहेरीही होती. ज्या कोकराला आई पाजत नाही त्याला आम्ही पाजतो. मांडीत घ्यायचं, मान वर उचलायची, जबड्याच्या कोपऱ्यातून बोट घालायचं, दूध हळूहळू सोडायचं आणि गळ्यावरून खाली हात फिरवत राहायचं. घोट आपोआप उतरतो. हे मला सहाव्या वर्षापासून येतं. वाड्या-वस्तीवरची माणसं मरायला टेकलेलं कोकरू माझ्याकडं आणून देतात. दुसरं काही मला कुणापेक्षा चांगलं येत नाही.

पाचव्या दिवशी मी मुलीला मांडीत घेतलं. पेज परत येते ती मान पुढं झुकवल्यामुळं, हे मला डोळ्यांनी दिसत होतं. मी तिची मान वर केली. पेजेत दूध घालून ती पातळ केली. ओठाच्या कोपऱ्यातून बोट घालून सोडली, गळ्यावरून हात फिरवला. एक थेंब बाहेर आला नाही. वाटी बघता बघता रिकामी झाली.

त्या दिवशी मी खूप दिवसांनी पोटभर जेवले. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "हिच्या हातून मेलेलं कोकरू बी दूध पितंय. दवाखानेवाल्यांना काय कळायलंय?" मला बरं वाटलं. तीन दिवस तसंच भरवलं. तिसऱ्या दिवशी वाटी जवळ आणली की ती तोंड उघडायला लागली. पडल्यापासून तिनं माझ्यासाठी केलेली ती पहिली गोष्ट होती. मी मालकांना बोलावून दाखवलं. ते दारात उभे राहिले आणि तोंड फिरवून बाहेर गेले.

ती खोकत नव्हती, म्हणून मला काही कळलं नाही. पुढच्याच दिवशी अंग तापलं. छातीत घरघर सुरू झाली आणि ओठ काळे पडायला लागले. पुन्हा जीप, पुन्हा परभणी. डॉक्टर म्हणाले, दूध फुप्फुसात गेलं आहे. मेंदूला मार असला की कधी कधी ठसकासुद्धा लागत नाही, अन्न गुपचूप श्वासाच्या वाटेनं उतरतं. नळी पुन्हा घातली. तोंडाला ऑक्सिजन लावला, मशीननं छातीतलं ओढून काढलं. त्यात पांढरं आलं. मी तोंड फिरवलं नाही. बघत राहिले.

सिस्टरनी विचारलं, कसं भरवत होतात? सासूबाई म्हणाल्या, तुम्ही सांगितलं तसंच. मी मान हलवली. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात कुणी नव्हतं. सिस्टर मुलीची कूस बदलत होत्या. मी उशी उचलली, मांडीत धरली आणि हातानं करून दाखवलं. मान कशी वर केली, बोट कुठं घातलं, गळ्यावरून हात कसा फिरवला. त्या बघत राहिल्या.

"हे कुठं शिकलात?"

"कोकरांना पाजतो आम्ही असं."

त्या रागावतील असं वाटलं होतं. सिस्टरनी मुलीच्या पायावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "ताई, एक फोन करायचा होता." त्यांनी मोठ्यानं काही म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं.

ती जगली. पण छाती कमजोर झाली आणि पडल्यानंतरही थोडा हात हलायचा, तोही कमी झाला. तोंडानं काहीच द्यायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढं पोटाला भोक पाडून तिथून नळी घालावी लागेल. परत कधी तोंडानं खाईल का, असं या वेळी मी तोंडानं विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. सासूबाईंना आणि मालकांना कोकराचं अजून मी सांगितलेलं नाही. त्यांना दवाखान्याचीच चूक वाटते, आणि मी तसंच वाटू देते.

आता घरी नाकातल्या नळीतून घालते. सिरिंज वर धरायची आणि पेज आपल्या वजनानं उतरू द्यायची. दहा मिनिटांत होतं. मुलगी माझ्याकडं बघत नाही, आवाज दिला तर वळत नाही. फक्त वाटी दिसली की तोंड उघडते आणि तसंच उघडं ठेवून वाट बघते. ते मीच तिला शिकवलं. म्हणून मी आधी तिचं तोंड भिंतीकडं करते आणि मग वाटी आणते. तरी तिला वास येतो.