सुतळीनं मोजलेला शाफ्ट

आमच्या गॅरेजातलं भंगार दर दोन-तीन महिन्यांनी भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही. ते कोपऱ्यात साठत राहतात आणि आमची वडीलमंडळी रोज संध्याकाळी त्यातला एखादा उचलून, पुसून, परत सांगतात. त्यांना हसू येतं. तेच सांगताना माझे कान गरम होतात. तरी सांगतो, कारण त्यांच्या तोंडून ऐकलात तर तुम्हीही हसाल.

*

गॅरेज रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावर, पालीच्या अलीकडे. मालक माझे बाबा. बसायला खुर्ची एकच, ती बाबांची. म्हणून संध्याकाळी येणारे त्यांचे तीन दोस्त गिऱ्हाइकांच्या गाड्यांत बसतात. नाना, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर. गुरुजी, शाळेतून रिटायर. बंड्याकाका, बोटीवरून रिटायर, वजन मात्र अजून ड्यूटीवर.

एकदा एका गिऱ्हाइकाची कार तयार झाली, तो चावी घेऊन निघाला. मागच्या सीटवर नाना आडवे होऊन झोपलेले, ते त्याला दिसलेच नाहीत. हातखंब्याला त्यानं ब्रेक मारला तेव्हा मागून आवाज आला, "कोण उतरतंय?"

बिचारा गाडी गटारात घालणार होता. नानांना परत सोडायला आला तेव्हा बाबांनी झापलं. मला. "गाडी देताना आत बघता येत नाही?"

नानांना कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे ज्याचे केस पांढरे, त्याची सीट पक्की.

*

संजनावहिनींची जीप आमच्याकडे आली तेव्हा आंब्याला मोहोर होता. वहिनींची वाडी डोंगरावर. वर जायला जांभ्या दगडांतून काढलेली कच्ची चढण, मध्ये एक कोरडा पऱ्या, म्हणजे ओहोळ. नवरा मुंबईला, जीप वहिनीच चालवतात. सासूबाईंना, म्हणजे आक्कांना, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी रत्नागिरीत न्यावं लागतं. पण जीपचं पोट दगडांना घासायचं, ती खालीच उभी करावी लागायची. मग आक्कांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून आणायचं. वाडीतली तरणी माणसं सगळी मुंबईला. उचलायला उरलेले चार म्हातारे, नात्यानं आक्कांचे दीर.

"दीर हात लावतात तेव्हा त्या डोळे गच्च मिटून घेतात," वहिनी म्हणाल्या. "हॉस्पिटलात सुया टोचतात तेव्हा उघडे असतात."

बाबा म्हणाले, "जीप उंच करून देतो. खुर्ची विसरा."

जाड स्प्रिंगा घातल्या, मोठे टायर घातले. जीप अशी ताठ उभी राहिली की बाबांनी तिच्यासमोर फोटो काढून घेतला. मग लक्षात आलं, की पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद नेणारा शाफ्ट आता पुरत नाही. गाडी वर गेली होती, पुढचा ॲक्सल खालीच होता. आणि नुसत्या मागच्या चाकांवर ती चढण चढणं शक्य नव्हतं.

गुरुजी म्हणाले, "पोर वाढलं, चड्डी तोकडी झाली."

ह्या विनोदावर तिघं आठवडाभर हसले. आठवडाभर आक्का खुर्चीतच होत्या.

*

नवा, लांब शाफ्ट करायचा म्हणजे आधी माप घ्यायचं. मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. त्यावर घरात कोणी बोलत नाही, कारण गॅरेजात हे तिघं रोज बोलतात.

मी म्हटलं, "बाबा, चेसिस जॅकवर घ्या आणि चाकं लोंबू देत. तेव्हा अंतर सगळ्यात जास्त पडतं. चाक खड्ड्यात उतरलं तरी शाफ्ट पुरायला हवा."

"गाडी रस्त्यावर चालते की हवेत?"

तिघं खो-खो हसले. कुठे बसून? त्याच जीपमध्ये. पुढच्या सीटांवर नाना आणि बंड्याकाका, बंपरवर गुरुजी, हातात पेपर.

"निदान ह्यांना तरी उतरवा. स्प्रिंगा दबल्यात."

बाबा जीपखालूनच बोलले, "मोठ्या माणसांना उठवायची पद्धत नाही आपल्यात."

"शिक्षण सोडलंन," नाना बंड्याकाकांना म्हणाले, "आता संस्कारही सोडलेन की काय?"

बाबांनी सुतळी ताणली, गाठ मारली. टेप लावणं त्यांना अपमान वाटतो. गुरुजींनी पेपरातून मान वर न काढता सूचना केली, "गाठ घट्ट मार हो."

*

एमआयडीसीतल्या लेथवाल्यानं सुतळीबरहुकूम शाफ्ट करून दिला. आम्ही तो चढवला. तिघं अर्थातच, त्या दिवशी सकाळपासूनच, बसलेले होते. शाफ्ट अगदी मापात बसला.

"बघ, इंजिनिअर," बाबा म्हणाले.

मग चहा आला. तिघं उतरले. जीपचं नाक दोन बोटं वर आलं. शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, एक तुकडा दुसऱ्यात मागेपुढे सरकतो. त्या जोडातून दोन बोटं चकचकीत नवं लोखंड बाहेर आलं. आत किती उरलं होतं? जेमतेम बोटभर.

मी बाबांना हाताला धरून खाली वाकवलं. त्यांनी बघितलं. नीट बघितलं, मला माहीत आहे. पलीकडे तिघं कप धरून उभे होते.

"ग्रीस लाव," बाबा म्हणाले, आणि उठले.

नारळ आणला होता. नानांनी टोपी सारखी केली आणि जीपसमोर गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, हे तुझं लेकरू आज घाटी चढायला निघालंय. चारी चाकांना एकमत दे. कोणाची वाकडी नजर पडली असेल तर ती दूर कर." असं म्हणताना नानांनी माझ्याकडे बघितलं.

"होय महाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

*

त्याच दुपारी आक्का हॉस्पिटलातून परतणार होत्या. पहिली फेरी म्हणून तिघं हट्टानं मागे चढले, बाबाही चढले. मी मागच्या फळीला लोंबकळलो. वहिनींच्या शेजारी आक्का, मांडीवर पाण्याची बाटली. चेहरा राखेसारखा, पण डोळे उघडे. चढण सुरू झाली तशा त्या म्हणाल्या, "संजना, खुर्ची माळ्यावर टाकलीस ना?"

"सकाळीच टाकली."

जीप छान चढत होती. बाबा बंड्याकाकांच्या गुडघ्यावर थाप मारत होते. पऱ्यात पुढचं डावं चाक खाली उतरलं, लोंबलं, आणि खाडकन आवाज झाला. शाफ्ट जोडातून निसटून टोकावर पडला, मातीत रुतला. जीप थांबली. मी उडी मारून मागच्या चाकांना दगड लावले.

नाना म्हणाले, "गाऱ्हाण्यात काही राहिलं काय रे?"

कोणी हसलं नाही. वहिनी वर पळत गेल्या आणि माळ्यावरची खुर्ची घेऊन आल्या.

चार पायांना चार जण. बाबा, नाना, बंड्याकाका आणि मी. गुरुजी पुढे चालत वाटेतले धोंडे पायानं बाजूला सारत होते. बाबांचा हात खुर्चीला लागला तशा आक्कांनी डोळे मिटले. मला वर बघवेना. मी खुर्चीच्या पायाकडे बघत चढत राहिलो. नानांना धाप लागली होती, बंड्याकाकांचा सदरा भिजला होता. बाबा पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आक्के, चूक झाली. दोन दिवसांत करून देतो."

अर्ध्यात नाना लटपटले. वाडीतली तिरडी विसाव्याला जिथे टेकवतात, त्या आंब्याखाली आम्ही खुर्ची टेकवली आणि चौघं तिच्या चार बाजूंनी वाकून उभे राहिलो.

आक्कांनी डोळे उघडले. एकेकाकडे बघितलं. मग मांडीवरची बाटली बाबांच्या पुढे धरली.

"घे, दामू. दमलात सगळे. ह्या विसाव्याला पाणी विचारत्ये. पुढच्या विसाव्याला मला विचारता यायचं नाही."