मालकाचा पहिला घाव

माझी नात हे लिहून घेते आहे. माझी बोली धुऊन-पुसून तिनं शाळेतली केली, करू दे बापडी. एकच बजावलं, की जो जसा बोलला तसाच ठेव. त्यात साखर घोळशील तर मी पुढं एक अक्षर सांगणार नाही. माझ्या माणसाच्या अंगावर झाड आलं ते नशीब होतं, असं आजवर पुष्कळांनी मला ऐकवलं. नशीब कसलं डोंबलाचं! ऐका, आणि मग तुम्हीच ठरवा.

इंग्रजाचं राज्य होतं. किन्हीराजा गावाच्या अंगाला नाल्याकाठी आमची लहानशी वस्ती. शेतातली कामं आटोपली की पुरुष लाकूडतोडीला जात आणि आम्ही बाया फांट्या ओढायला, ढलप्या वेचायला. लेक तेव्हा अंगावर पिती होती, तिला सासूजवळ ठेवून मी जात असे. कारंजाचा एक ठेकेदार शेताशेतांतली झाडं घेऊन जिनिंगच्या भट्टीला लाकूड पुरवी. त्याला आम्ही मालक म्हणत असू. माणूस बोलायला मोठा गोड. दमणीतून यायचा, बैलांच्या गळ्यात घुंगरं, पायांत पंप शू, आणि धोतर असं पांढरं की बाई माणसानं ते धुणारीची कीव करावी. त्यानं कधी कुणाला शिवी दिली नाही. शिव्या देणारा परवडला, असं मी आता म्हणते.

आमच्याकडं एक रीत होती. हिरवं, मोठं झाड पाडायचं तर आधी त्याला कुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि पहिला घाव ज्याचं झाड त्यानं पूर्वेला तोंड करून घालायचा. म्हणजे झाडाचं पाप मालकाच्या माथी, तोडणाऱ्याच्या नाही. मालकाचा घाव झाला की तोडणाऱ्यानं तोच पुढं न्यायचा. दुसरीकडून आपला वेगळा घाव घातला, तर तो आपला झाला, आणि पाप आपल्या घरात आलं. वस्तीत कुणाचं लेकरू दगावलं की म्हाताऱ्या विचारायच्या, याच्या बापानं कुठं आपला घाव घातला होता काय? असली धास्ती. आज हसू येतं, तेव्हा कोण हसत होतं?

त्या दिवशी पाडायची होती ती चिंच नाल्याच्या काठावर होती आणि तिचा सगळा भार नाल्याकडं झुकलेला. असं झाड पाडायचं तर आधी झुकल्या अंगाला खाच घ्यायची आणि मग मागून तोडायचं. खाच न घेता मागूनच तोडत गेलं तर वरचा भार ओढतो, बुंधा उभा फाटतो आणि मागं उसळतो. हे आमच्यात भाकरी थापणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं. पण नाल्याच्या अंगाला चिखल होता, बोरीचे काटे होते, आणि मालकाच्या पायांत पंप शू. तो कोरड्या बाजूला उभा राहिला आणि पूर्वेला तोंड करून त्यानं कुऱ्हाड उचलली.

"मालक, तिकून मारा जी," माझा माणूस म्हणाला. "झाड तिकडं वाकेल हाय."

"घाव तो घाव. इकून काय न् तिकून काय? पूर्वेकडं तोंड हाय ना माह्यं? मंग झालं."

आणि मारला. घाव कसला, कोंबडीनं चोच मारावी तेवढा. कुऱ्हाड टाकून तो हात झटकायला लागला, तसा माझा माणूस पुन्हा पुढं झाला.

"बरं, मंग तिकूनही एक मारून द्या मालक. नाईतं मोटेचा नाडा तरी मागवून द्या. बुंधा आवळून बांधला म्हंजे फाटनार नाई."

मालक हसला. "दोन घाव मारून दोन झाडाइचं पाप घेऊ काय बे? अन् नाडा तुले दिला तं मोट काय तुह्या धोतरानं ओढू?"

सगळे हसले. माझा माणूसही हसला. मालक आंब्याखाली जाऊन पान लावत बसला. नाडा समोरच्या विहिरीवर होता, हाकेच्या अंतरावर. घटकाभर मोट थांबली असती तर पिकं काय करपणार होती?

माझा माणूस बराच वेळ त्या घावाकडं बघत उभा राहिला. त्याचा थोरला भाऊ, म्हणजे माझा भासरा, त्याला म्हणाला, "नाल्याकडून घे खाच. मी घालतो घाव." माझा माणूस म्हणाला, "नको दादा. तुह्या घरी चार लेकरं हायेत, माह्या घरी एक हाय. कोनाच्याच घरात नको." आणि मालकाचाच घाव त्यानं पुढं न्यायला घेतला. प्रत्येक घावाला तो वर शेंड्याकडं बघायचा. मी फांट्या ओढायचं सोडून तेच बघत होते.

एकच आवाज झाला. बुंधा उभा चिरला, मागचं फाळकं उसळलं आणि त्याच्या पोटावर बसलं. तो मागं फेकला गेला, एक पाय अंगाखाली मुडपला. रक्त म्हणाल तर पायालाच, पोटावर नुसता लाल वळ. भासऱ्यानं त्याला उचललं आणि थेट दमणीकडं धावला. दमणी जुंपायला कितीसा वेळ! आम्हाला वाटलं, आता निघालो.

"थांब," मालक म्हणाला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. खोटं कशाला बोलू, तो घाबरला होता. पण कुणासाठी घाबरला, ते पुढं कळलं. "दवाखान्यात इचारतीन. पोलीस येईन. माह्या कामावर झालं म्हनू नका. घरच्या कडूलिंबावरून पडला म्हना, अन् मंग न्या दमणी."

"मालक, आधी न्याले द्या. मंग बोलू," भासरा म्हणाला.

"नाई. आधी बोलू."

अरे माणसा! माणूस तुझ्या पुढ्यात तळमळतो आहे आणि तू बोलायला बसतोस? हे मी मनात म्हटलं. तोंडानं म्हणायची सोय नव्हती. भासऱ्यासमोर सुनेनं आवाज काढायचा नाही, काही सांगायचं तर दुसऱ्याच्या तोंडून सांगायचं, असं आमचं वळण. मी पदर पुढं ओढून दमणीच्या चाकाशी बसून राहिले.

भासरा शेवटी हो म्हणाला, पण मालकाला नुसत्या होकाराचा भरवसा नव्हता. मारुतीच्या देवळात चला, बेलभंडार उचलून शपथ घ्या, म्हणाला. तसे गेलो. देवळाला कुलूप, पुजारी शेतात. त्याला बोलवायला माणूस गेला, तो येईस्तोवर दमणी जुंपलेली तशीच देवळापुढं उभी. बैलसुद्धा पाय आपटायला लागले. माझा माणूस दमणीत गवतावर पडलेला, मी पदरानं वारा घालत होते.

"पोटात जळून राह्यलं," तो हळूच म्हणाला. "पानी दे."

पुजारी आला, कुलूप निघालं. भासऱ्यानं बेलभंडार उचलला, मग तोडीवरच्या एकेक पुरुषानं उचलला. मालक पायरीवर उभा राहून प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होता. बायांकडं त्यानं बघितलंही नाही. आम्हाला कोण विचारतो, आणि आम्ही कुणाला काय सांगणार? सकाळी पडलेला माणूस, दमणी हलली तेव्हा ऊन डोक्यावरून उतरलं होतं.

तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवे लागत होते. डॉक्टर पोक्त माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यानं विचारलं, "काय झालं याला?"

"लिंबावरून पडला जी. घरच्याच," भासरा म्हणाला. मालकाचा दमणीवाला दारातच उभा होता, कान देऊन.

डॉक्टरनं डोकं चाचपलं, पाठ बघितली आणि पायाशी बसला. पाय मोडला आहे, फळी बांधू, म्हणाला. डॉक्टर पायाला फळ्या बांधतो आहे आणि माझ्या माणसाचे दोन्ही हात पोटावर! तो ओठ चावत होता, पण बोलत नव्हता, कारण भावानं शपथ घेतलेली. मी भासऱ्याकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. मग माझ्या मनात आलं, शपथ त्यांनी घेतली. मला कोणी घातली?

"खोटं हाय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "लिंबावरून नाई पडला. ठेकेदाराच्या तोडीवर चिंच फाटली, बुंधा पोटावर बसला. पोट पाहा जी, पोट!"

"चूप!" भासरा ओरडला. लग्न झाल्यापासून तो माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द.

डॉक्टरनं बंडी वर केली आणि पोटाला हात लावला. माझा माणूस असा ओरडला की पलीकडच्या खाटेवरची माणसं उठून बसली. पोट पाटीसारखं घट्ट झालं होतं.

"कधी झालं हे?"

"सकाळी."

"सकाळी? आणि आता आणता? दिवसभर काय करत होतात?"

काय सांगू? देवळाच्या कुलपाची किल्ली शोधत होतो, हे सांगू? भासरा भिंतीला टेकून खाली बसला आणि ढसाढसा रडला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, आत रक्त साचलं आहे. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात पोट उघडलं असतं, आता हा वाटेतच जाईल. दुपारी आणलं असतं तर प्रयत्न तरी केला असता. पोलिसांना कळवावं लागेल, असंही तो म्हणाला. बाहेर घुंगरं वाजली. दमणी निघून गेली होती, मालकाला खबर द्यायला.

पोलीस आले, पण ते माझा माणूस गेल्यावर. भासरा शपथेला जागला, बाकीच्यांनी काही बघितलं नव्हतं, आणि बाईच्या बोलण्याला कोण धरतो? मालकाला काही झालं नाही. मात्र आमच्या वस्तीतल्या माणसाला त्यानं पुन्हा तोडीवर घेतलं नाही. बाया पाणवठ्यावर मला ऐकवून बोलायच्या. बोलू दे. ज्यांच्या चुली थंड पडल्या त्यांना राग येणारच, पण तो त्यांनी कारंजाला जाऊन काढायला हवा होता.

त्या संध्याकाळी मी खाटेशी बसले होते. डॉक्टरनं दुखणं कमी व्हायचं औषध दिलं होतं. माझ्या माणसानं डोळे उघडले. मला वाटलं, आता लेकीचं विचारेल.

"काहून बोलली तू?" तो म्हणाला. "आता आपल्या माणसाइले काम कोन देईन?"

मला असा संताप आला! भासरा समोर बसला होता, मी पदरही सावरला नाही. "तुमाले जगाची पडली," मी म्हटलं, "मले तुमची पडली हाय! मराले टाकलं त्यानं तुमाले, अन् त्याच्याच कामाचा घोर?"

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. रागानं फिरवलं की दुखण्यानं, मला कळलं नाही. मी त्याच्या खांद्याला हात लावला, हाका मारल्या, पण तो पुन्हा माझ्याकडं वळला नाही.