एकच नळकांडं

मुखेडच्या आठवडी बाजारामागं एक मोकळं मैदान आहे. बाजार उठला की तिथं वरातीची घोडी बांधतात. लग्नसराई नसते तेव्हा ती तिथंच चरतात, तिथंच लीद टाकतात आणि त्याच लिदीवर उगवलेलं गवत पुन्हा खातात. नागुबाईची तांबडी मैदानाच्या मधोमध बांधलेली असते. कडेला नाही. नव्या माणसाला ती हे आधी सांगते, आपलं नाव नंतर.

तिच्या लग्नात तिचा नवरा ग्यानोबा पायी आला होता. त्यांच्या वस्तीतल्या नवरदेवाला घोडी द्यायला तेव्हा गावात कुणी तयार नव्हतं. पुढं त्यानं मजुरी करत करत माळेगावच्या यात्रेतून एक शिंगरू आणलं. "आपल्या पोरांनी घोडीसाठी कुणाच्या दारात जायचं न्हाई," एवढंच तो म्हणाला. तांबडी त्या शिंगराची लेक. ग्यानोबा गेल्यावर सगळ्यांनी सांगितलं, घोडी विकून टाक, बाईमाणूस वरातीत लगाम धरून चालत असतं का? नागुबाई चालली. पहिल्या वरातीत बँडवाले मागं वळून वळून बघत होते. तिनं एकदाही मागं पाहिलं नाही.

गावातल्या घोडेवाल्यांची एक रीत आहे. वरातीच्या सुपाऱ्या सगळ्या त्यांचा म्होरक्या किशनरावाकडं येतात आणि तो पाळीनं घोडी पाठवतो. पाळीत नाव असलं तर घोडी जगते. पाळीत राहायचं तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सगळ्यांनी आपापली घोडी घेऊन मैदानात यायचं. नारळ फुटतो. मग एका बादलीत जंताचं औषध गुळाच्या पाण्यात कालवतात आणि बांबूच्या एकाच नळकांड्यानं प्रत्येक जनावराच्या घशात ओततात. ज्याची घोडी प्याली तो आपला. जी प्याली नाही तिची पाळी गेली. हे औषध कमी आणि इमान जास्त.

सुरुवातीला नागुबाईच्या घोडीसाठी नळकांडं वेगळं होतं. पाण्याच्या पाइपाचा तुकडा. तिची घोडी सगळ्यांच्या शेवटी, त्या पाइपानं. एका करीला तिनं तो तुकडा किशनरावाच्या हातातून घेतला आणि सगळ्यांदेखत नालीत फेकला. "पाजायचं तर बांबूनं पाजा. न्हाईतर म्या उद्या माझ्या लेकराबाळांसकट हितंच बसते." त्या दिवशी भांडण संध्याकाळपर्यंत चाललं. शेवटी बांबू तांबडीच्या तोंडात गेला. घरी आल्यावर नागुबाईनं घोडीच्या ओठांवरचा गुळाचा ओघळ पदरानं पुसला नाही. राहू दिला.

म्हणून पुढं जे झालं ते तिला सोपं गेलं नाही.

गेल्या वर्षी तांबडीचं पोट सुटलं आणि बरगड्या दिसायला लागल्या. खरारा कितीही करा, अंगावर तेज येईना. जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर दिपाली म्हणाली, "मावशी, ताजी लीद आणा. डबीत."

"लीद साफ हाय की, म्याडम. एक जंत दिसत न्हाई."

"जंत नाही, अंडी बघायचीत. ती डोळ्यांना दिसत नाहीत."

दिपालीनं लीद खारवलेल्या पाण्यात कालवून गाळली. अंडी हलकी, ती वर तरंगली. सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली नागुबाईनं स्वतः पाहिली. छोटी, लांबट, एकमेकांना खेटून बसलेली. करीचा डोस दोन दिवसांवर होता. तो झाल्यावर पंधरवड्यानं पुन्हा डबी गेली. अंडी तशीच, खेटून.

"औषध किती पाजता?"

"एक नळकांडं. समद्यांना तेवढंच."

"त्या घोडेवाल्या वीरभद्रच्या लहानग्या तट्टाला पण?"

"हाव. लहानमोठं करायचं न्हाई म्हणून तर तसं ठरलं."

दिपालीनं तांबडीच्या छातीभोवती फीत लावून वजन काढलं. ते तट्टाच्या दुपटीहून जास्त भरलं, आणि नळकांडं तट्टापुरतंच होतं. इतकी वर्षं तांबडीला अर्धंमुर्धं औषध मिळालं होतं, आणि अर्ध्यामुर्ध्या औषधात जंत मरत नाहीत. तगतात. जे तगतात त्यांचीच पिल्लं पुढं मैदानभर होतात. मग ते औषध कुणाच्याच घोडीला लागू पडत नाही.

दिपालीनं दुसरं औषध दिलं, वजनाप्रमाणे. तांबडी भरत गेली. अंडी गवतात पसरू नयेत म्हणून नागुबाई रोज सकाळी टोपलं घेऊन आपल्या घोडीभोवतीची लीद उचलायला लागली. लोक हसले. "नागुबाई, सोनं हाय का त्यात?" ती म्हणाली, "हाय. तुमच्या घोड्यांच्या पोटात जाण्याआधी उचलून राहिले."

यंदा करीच्या आधी तिनं डबी दाखवली. अंडी मोजकीच होती. दिपाली म्हणाली, यंदा औषधाची गरज नाही. लागतं त्यालाच द्यायचं, लागतं तेवढंच.

करीला नागुबाई तांबडीला घेऊन मैदानात आली. नारळ फुटला. पाळीनं घोडी प्याली. तांबडीजवळ बांबू आला तेव्हा नागुबाईनं घोडीच्या तोंडावर हात ठेवला.

"माझी पिणार न्हाई."

किशनराव आधी हसला. "का गं? ह्याच नळकांड्यासाठी गाव डोक्यावर घेतलं व्हतंस."

"तवा तुमी माझ्या घोडीला येगळं काढलं व्हतं. म्हून भांडले. आता माप चुकतंय म्हून भांडून राहिले. समद्यांच्या लिदी तपासा, घोड्याला फीत लावा, मंग पाजा."

"म्हंजी तुझ्या घोडीला जास्त, वीरभद्रच्या तट्टाला कमी? पुन्हा भेद? लहानमोठं नको हे तूच म्हणली व्हतीस, नागू."

हा टोला बसला. किशनराव खोटं बोलत नव्हता. हे एक माप तिनं ओढून, ओरबाडून मिळवलं होतं.

"मानाला माप एक पायजे," ती सावकाश म्हणाली. "पोटाला न्हाई. तुमच्या घरी नातवाला आन तुमाला एकच भाकर वाढतेत का?"

वीरभद्र हसला आणि लगेच तट्टाआड झाला.

"घोडी प्याली न्हाई तर पाळी गेली," किशनराव म्हणाला. "रीत हाय."

"पाळी तुमी दिली नव्हती. म्या घेतली व्हती. ती तुमच्यानं जायची न्हाई."

रात्री नांदेडहून मुलाचा फोन आला. आनंदराज म्हणाला, "आई, गुमान पाजून टाकायचं होतं. एका घोटानं काय झालं असतं?" ती म्हणाली, "एकेका घोटानंच झालंय, बाबा," आणि फोन ठेवला.

तुळशीचं लग्न झालं आणि वराती निघाल्या. पाळीत वीरभद्रच्या मागं नागुबाईचा नंबर. वीरभद्रचं तट्टू एका लग्नाला जाऊन आलं. नागुबाईला निरोप आला नाही. पुढचं लग्न बसस्टँडजवळ होतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तिनं दुपारीच तांबडीला धुतलं, झूल घातली, कपाळावर गोंडा बांधला आणि लगाम धरून निघाली.

वरात निघते त्या मारुतीच्या पारासमोर किशनरावाची पांढरी घोडी आधीच उभी होती. नवरदेव तिच्यावर चढत होता. नागुबाई बँडच्या पुढं जाऊन तांबडीसकट उभी राहिली.

"पैसा मिळायचा न्हाई," किशनराव म्हणाला.

"मागितला का कुणी? पाळी माझी हाय. भरायला आले."

नवरदेवाचा मामा धावत आला. "बाई, रिकामी घोडी वरातीत अपशकुन असते. बाजूला घ्या."

"मंग बसवा की कुणाला तरी. जागा हाय."

कुणी बसलं नाही. कुणी तिला ढकललंही नाही, कारण तांबडी आता चांगली भरलेली होती आणि एवढ्या घोडीला ढकलणं सोपं नसतं. बँड वाजायला लागला. नागुबाई पुढं चालली. रिकाम्या खोगिरावर दिव्यांचा उजेड पडत होता. दुकानांतले लोक उठून बाहेर आले. कुणी हसलं, कुणी विचारलं, कुणाचं लग्न हाय? ती समोर बघत चालत राहिली, मांडवाच्या दारापर्यंत. तिथं तिनं तांबडीला वळवलं.

परतताना रस्त्याच्या कडेला वीरभद्र भेटला. त्यानं मान खाली घातली. नागुबाई थांबली.

"तुझी पुढची पाळी कवा हाय रे?"

"का गं?"

"तुझ्या मागं माझी हाय," ती म्हणाली. "निरोप न्हाई आला तरी मला यायचंय."