सासूच्या घुंगरांची माळ

व्हर्लिन बित्सिली सासूच्या जमिनीवर संसार करून पन्नाशीला टेकला, पण सासूचं तोंड काही त्यानं पाहिलं नव्हतं. क्लागेटोकडच्या त्या माळावर, तिथल्या मूळच्या लोकांत, लग्न झालं की नवरा बायकोच्या आईकडे नांदायला जातो, आणि त्या दिवसापासून सासू-जावयानं एकमेकांच्या नजरेला पडायचं नाही, एकमेकांशी बोलायचं नाही. वैर म्हणून नव्हे, मान म्हणून. हल्लीची पोरं सासूला शेजारी बसवून गाडी हाणतात, वर आइस्क्रीमही खातात. पण त्याची सासू, म्हातारी हानाबा, जुन्या वळणाची होती, आणि व्हर्लिनला ते वळण मनापासून पटलेलं होतं.

म्हणून हानाबाच्या कमरपट्ट्याला चांदीची घुंगरं असत. जुनी नाणी ठोकून केलेली, खाली उघड्या तोंडाची, तिच्या आजीच्या हयातीतली. तिचा डावा गुडघा आखडलेला, त्यामुळे ती निघाली की किणकिण-धप्प, किणकिण-धप्प असा आवाज यायचा. व्हर्लिन हातोडी खाली ठेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. म्हातारी मेंढरं घेऊन कारखान्याच्या दारावरून पुढं जायची. कारखाना म्हणजे त्याची चांदीकामाची पत्र्याची खोली, तिच्यात एक ऐरण आणि एक भट्टी. नुसत्या आवाजावरून त्याला कळे, आज गुडघा ठणकतोय, आज स्वारी खुशीत आहे, आज कुणावर तरी तोंड सुटणार आहे.

चेहरा नसला तरी नातं होतं. व्हर्लिनचा कुठलाही दागिना तयार झाला की बाहेरच्या कुणी पाहण्याआधी त्याची बायको आर्लिंडा तो आईच्या गोल घरात न्यायची. म्हातारी आधी दागिना उलटा करायची. मागची बाजू, डाख कुठं लावलाय, कड कशी घासलीय हे बोटानं चाचपायची, मग पुढून बघायची. आर्लिंडा निरोप घेऊन परतायची.

"आई म्हणतीय, त्याला म्हणावं हे मनगटात घालायचं हाय का खेचराच्या तोंडात?"

व्हर्लिन हसत हसत कडं पुन्हा भट्टीत घालायचा.

पहिली कित्येक वर्षं त्याचा माल हमरस्त्यावरच्या दुकानांत कापडावर मांडून खपला. गिऱ्हाईक तो मुठीत तोलून बघायचं, खडा मोठा दिसला की खूश व्हायचं. पुढं व्हर्लिनचा हात बदलला. फिरोज्याच्या निळ्या खड्यावरच्या काळ्या शिरा झाकायच्या नाहीत, त्या जिकडं वळतात तिकडंच चांदी वळवायची, असं तो करू लागला. एका कड्यात त्यानं वाहून गेलेल्या ओढ्याचा काठ असा उभा केला की बघणाऱ्याच्या पायाखालची वाळू सरकावी. सांता फेच्या एका गॅलरीनं ते कडं एकटंच एका चौथऱ्यावर ठेवलं, वरून दिवा सोडला, चारी बाजूंनी फिरायला जागा सोडली. लोक त्याच्याभोवती फिरले आणि गप्प झाले. त्या दिवसापासून त्याच्या कामाला कुणी माल म्हटलं नाही.

त्या गॅलरीसाठीच त्यानं माळ केली. माळेत सासूच्या घुंगरांसारखी घुंगरं होती, बाहेरून साधी, हातोडीचे घाव तसेच ठेवलेली. पण प्रत्येक घुंगराच्या पोटात, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं, त्यानं फिरोजा बसवला होता. माळ गळ्यात घातली की निळाई दिसायचीच नाही. खाली वाकून घुंगराच्या तोंडात डोकावलं तरच आत आभाळ. माळेचं नाव त्यानं ठेवलं 'जिला पाहायचं नाही ती'. त्याच्या भाषेत जावई सासूला असंच म्हणतो.

"आईला न्हाई दाखवायची?" आर्लिंडानं विचारलं.

"ही तिचीच हाय. तिची चीज तिलाच कशी विचारू? होऊ दे आधी नाव."

प्रदर्शनाचं उद्घाटन दुपारी होतं. गॅलरीच्या मार्सियाबाई हुशार, कामाची कदर असलेल्या. त्यांनी व्हर्लिनला माळेशेजारी उभं केलं आणि म्हणाल्या, "दोन शब्द बोला. या घुंगरांचं काय ते लोकांना कळू द्या."

व्हर्लिन बोलणारा गडी नव्हता. सांगायचं होतं ते त्या पोटातल्या खड्याबद्दल, एका बाईबरोबर न बघता काढलेल्या उभ्या आयुष्याबद्दल. पण एवढे चेहरे समोर बघून ते शब्द कुठल्या कुठं गेले आणि तोंडातून निघालं, "मांजराच्या गळ्यात घंटा बांधतात ना, तशी आम्ही सासूच्या कमरेला बांधतो."

हशा पिकला. व्हर्लिनला एकदम सुटल्यासारखं झालं. इतकं सोपं असतं होय हे! "म्हणून तर आमचे संसार टिकतात," तो म्हणाला. पुन्हा हशा. एक टोपीवाला ओरडला, "मला पण एक जोड द्या हो!" मग व्हर्लिन चेकाळलाच. त्यानं कमरेवर हात ठेवला, डावा गुडघा ताठ केला आणि चौथऱ्याभोवती चालून दाखवलं. किणकिण-धप्प, किणकिण-धप्प. बायका डोळे पुसायला लागल्या.

वळता वळता त्याची नजर मागच्या दाराकडं गेली. तिथं आर्लिंडा उभी होती. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. आणि तिच्या पाठीमागून एक तपकिरी शाल दाराबाहेर पडत होती. कसलाही आवाज नव्हता. फक्त चाल. डावा पाय ओढत, थांबत, पुन्हा ओढत.

त्यानं चटकन मान खाली घातली. कुणालाही वाटलं असतं की कलाकार टाळ्यांना वाकला.

नंतर आर्लिंडानं पिकअपमध्ये सांगितलं ते एवढंच. "आईला माळ बघायची हुती. तू दाखवली न्हाईस म्हणून मीच भाच्याच्या गाडीतनं घिऊन आले, ती त्याच गाडीतनं परत गेली. आवाज ऐकून तू चारचौघांत भिंतीकडं वळशील, तुला अडचण नको, म्हणून तिनं घुंगरं घरी काढून ठेवली. कधी न्हाई ते बिनघुंगराची घराबाहेर पडली."

"माळ बघितली का तिनं?"

"न्हाई. तुला बघितलं."

वाटेत गॅलप गावात आर्लिंडानं मक्याचं कणीस घेतलं, अर्धं मोडून त्याच्यापुढं धरलं. त्यानं ते काचेपाशी ठेवून दिलं आणि गाडी पुढं काढली.

घरी आल्यावर त्याला वाटलं होतं म्हातारी चार शिव्या धाडेल. त्यानं त्या मुकाट्यानं खाल्ल्या असत्या. पण निरोप आलाच नाही. किणकिणही थांबली. हानाबानं घुंगरं पुन्हा पट्ट्याला लावलीच नाहीत, आणि घुंगरं नाहीत म्हणजे जावयाच्या वाटेत येण्याची भीती, म्हणून ती दारावरून जायचीच बंद झाली. मेंढरं आता टेकडीच्या मागच्या चढानं नेऊ लागली. तो चढ तरण्या माणसाच्या पोटऱ्या धरणारा. व्हर्लिन ऐरणीपाशी कान लावून बसे. वाऱ्यानं पत्रा वाजला तरी उठून भिंतीकडं वळे, आणि मागून कुणीच जात नसे.

"माफी मागतो म्हणून सांग तिला."

"सांगितलं."

"मग?"

"मग काय, मका दळत हुती, दळत ऱ्हायली."

"अगं, पण कायतरी बोलली असंल की!"

"म्हणली, चालून दाखवायला तोंड लागत न्हाई, मग माफीला कशाला लागतं?"

व्हर्लिननं मार्सियाबाईंना फोन केला. माळ परत पाहिजे म्हणाला. त्या हळहळल्या. "अहो, ती त्याच दिवशी गेली की. घेणाऱ्या बाई तर तुमच्यावर फिदा आहेत. म्हणाल्या, जेवायला कुणी आलं की आधी माळ दाखवते, मग तुमची ती गोष्ट सांगते. चालूनसुद्धा दाखवते म्हणे!"

त्यानं फोन ठेवला. ज्या गुडघ्याचं दुखणं त्याला कानानं कळायचं, तो गुडघा आता कुठल्या तरी परक्या घरात, जेवणाच्या टेबलाभोवती, गंमत म्हणून फिरत होता. खड्याचं त्या बाईला ठाऊक तरी होतं का? त्यानं सांगितलंच कुठं होतं!

त्यानं पुन्हा ऐरण मांडली. घुंगरं केली, आत खडा नाही, बाहेर नक्षी नाही, फक्त आवाज खणखणीत. आणि ती आपल्याच कमरपट्ट्याला ओवली.

"येडा झालास का?" आर्लिंडा म्हणाली.

"तिनं कशाला वाजत फिरायचं? मी कुठं हाय ते तिला कळलं म्हंजी झालं. तिनं बिनघोर चालावं."

पहिल्याच रविवारी गावच्या सभाघरात मटणाच्या रश्श्याची पंगत होती. व्हर्लिन दारातून आत शिरला आणि किणकिणला. सगळी मुंडकी वळली.

"पळा रं जावयांनो, सासूबाई आल्या!" त्याचा मावसभाऊ एल्डन ओरडला. "काय सासूबाई, गुडघा काय म्हणतोय?"

सभाघर खदखदलं. म्हणजे सांता फेची गोष्ट इथवर येऊन पोचली होती. व्हर्लिनचे कान तापले. पळून जावंसं वाटलं, पण पळाला असता तरी वाजतच पळाला असता.

"एल्डन, हसून घे," तो म्हणाला. "मी लोकांपुढं तिची चाल काढली. त्यांनी हसावं म्हणून काढली, आणि ते हसले तवा मला लई बरं वाटलं. ती तिथंच हुती. माझं काम बघायला आलती."

एल्डन ताटात बघू लागला. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "बस आता, रस्सा गार हुतोय," आणि त्याच्या वाडग्यात एक फोड जास्तीची घातली. ती फोड गिळणं त्याला हशापेक्षा जड गेलं.

त्यानंतर तो घुंगरं घालूनच फिरायचा. पेट्रोल पंपावर, डाकघरात, गोठ्यात. पोरं मागून नक्कल करायची. तो करू द्यायचा. हे असं कुठवर, असं आर्लिंडानं विचारलं तेव्हा त्यानं पट्टा आणखी एक भोक आवळला. टेकडीमागच्या चढावर मेंढरांची धूळ रोज उडत होती.

बर्फ पडायच्या आधीची एक सकाळ. व्हर्लिन दारात कडं घासत बसला होता, तोच समोरच्या वाटेनं मेंढरं आली. आधी बोकड, मग सगळा कळप. व्हर्लिन धडपडून उठला, भिंतीकडं तोंड केलं आणि मी इथं आहे हे कळावं म्हणून कंबर हलवली. बेढब दिसत असणार.

मेंढरं पाठीमागून गेली. त्यांच्यामागून पाय आला. धप्प. धप्प. आणि थांबला.

ती त्याच्या पाठीकडं बघत होती, की त्या कमरेकडं, की नुसता गुडघा विसावत होती, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. त्यानं डोळे मिटले. मान आणखी खाली घातली. माफीचे शब्द ओठाशी आले, पण ते तिच्याशी बोलायचे नव्हते, आणि बोलून तरी काय.

मग पाऊल उचललं गेलं आणि चढाकडं न वळता, त्याच जुन्या वाटेनं मेंढरांच्या मागं निघून गेलं. धूळ बसेपर्यंत तो तसाच उभा होता, कपाळ गार पत्र्याला टेकवून.